उदगीरजवळच्या डुकरांच्या आसऱ्याला जायचं असेल, तर आधी पाण्याचं विचारा

लातूरहून सकाळची एसटी धरली की साधारण दोन तासांत उदगीर येतं. स्टेशन विकाराबाद–लातूर रोड मार्गावर आहे, त्यामुळे बिदर-हैदराबादकडूनही सरळ येता येतं. पुढचा रस्ता शेतातला. कोरड्या दिवसांत रिक्षा बांधापर्यंत सोडते. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरली की दुचाकीही हलत नाही, फाट्यावर उतरून चालत जावं लागतं. आरामात बघायचं असेल तर दसऱ्यानंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले. मी एप्रिलमध्ये गेलो, आणि ज्यांना मदत करायची आहे त्यांनी एकदा तरी याच महिन्यात जावं असं माझं मत झालं आहे.

जखमी आणि टाकून दिलेली डुकरं सांभाळणाऱ्या या ठिकाणाचं नाव-पत्ता देत नाही. ज्या ताई हे चालवतात त्यांची तशी विनंती आहे, कारण पत्ता पसरला की लोक रात्रीतून फाटकाला जनावर बांधून निघून जातात. उदगीर भागातल्या प्राणिमित्रांकडे चौकशी केली की फोन नंबर मिळतो. फोन न करता जाऊ नका.

आत बहुतेक काळी, राठ केसांची गावठी डुकरं आहेत. कुणी गाडीखाली सापडून लंगडं झालेलं, कुणाच्या पायात बांधलेली तार मांसापर्यंत रुतलेली. थोडी पांढरी-गुलाबी, बंद पडलेल्या फार्मवरची. या फार्मच्या जातींची पैदासच झटपट वजन वाढावं म्हणून झालेली असते आणि सहा महिन्यांच्या आसपास त्यांना कापतात. पुढं ते वजन पायांना पेलेल का, याचा विचार कुणी केलेलाच नसतो. इथं ती वर्षानुवर्षं जगतात. डुक्कर १५-२० वर्षंही जगू शकतं. म्हणून त्यांना खाणं मोजूनच घालावं लागतं. बिस्किटाचे पुडे घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तुमच्या लाडानं त्यांचे गुडघे जातात.

चंद्री नावाची एक मादी मी बराच वेळ बघत बसलो. नावानं हाक मारली की कान हलवून येते. निजायच्या आधी तोंडानं उसाचं पाचट ओढून आणते, ते नीट पसरते आणि मगच अंग टाकते. घाण करायला मात्र उठून पार पलीकडच्या कोपऱ्यात जाते. डुक्कर म्हणजे घाण, हे आपण कोंडलेल्या आणि उकिरड्यावर सोडलेल्या डुकराकडं बघून ठरवलं आहे. जागा मिळाली तर ते आपली झोपायची जागा स्वच्छ ठेवतं.

आता पाण्याचं. देखभाल करणारे मामा मला म्हणाले, "माणसाला घाम येतो, ह्याला येत न्हाई. मग ह्यानं उन्हात करावं काय?" खरंच, डुकराच्या अंगावर घामाच्या ग्रंथी नावापुरत्याच असतात. पारा चाळिशीपार गेला की चिखलात लोळणं हाच त्याचा अंग गार ठेवायचा उपाय. नुसतं पाणी मारलं तर थोड्या वेळात उडून जातं. चिखल सावकाश वाळतो, त्यामुळे गारवा जास्त टिकतो. शिवाय फिकट कातडीच्या डुकरांचं उन्हानं भाजण्यापासून रक्षण होतं. हे झालं लोळण्याचं. प्यायला मोठ्या जनावराला दिवसाला १०-१५ लिटर सहज लागतं, कडक उन्हात त्याहून जास्त.

येताना रिक्षावाल्या दादांनी विचारलं होतं, "माणसाला पाणी न्हाई अन् डुकरांना लोळायला?" प्रश्न रागाचा नव्हता. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तो विचारला जाणारच. ताईंनी त्याचं उत्तर कामातून दिलं आहे. शेड धुतलेलं पाणी लोळणीच्या खड्ड्यात जातं. खड्ड्यावर शेडनेट आहे, म्हणजे पाणी कमी उडतं. खड्डा उपसला की ते खताळ पाणी लसूणघासाला. चांगलं पाणी फक्त प्यायच्या हौदात. तरी मार्चअखेर बोअर आटतो आणि टँकर सुरू होतात. दुष्काळात गाईगुरांसाठी चारा छावण्या उघडतात, ते योग्यच आहे. डुकरांची आठवण मात्र कुणाला होत नाही. म्हणून जाताना काय नेऊ, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर एकच: टँकरचे पैसे.

लग्नातलं उरलेलं जेवण नेऊ नका. यावर ताई कडक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात दिसला, भारतातली ती पहिली नोंद. माणसाला तो होत नाही, पण डुकरासाठी त्यावर औषध नाही, आणि डुकराच्या मांसाचे अंश असलेल्या खरकट्यातून तो पसरतो. शाकाहारी पंगतीतलंही नको, कारण लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ. पाणी कमी पडलेल्या डुकराच्या पोटात मीठ गेलं तर ते मेंदूवर जातं. जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, झटके येतात. अशा वेळी घाबरून एकदम भरपूर पाणी पाजलं तर आणखी बिघडतं, थोडं थोडं द्यावं लागतं आणि डॉक्टरांना बोलवावं लागतं.

लातूरकडचे शेतकरी हौसेनं सोयाबीनची पोती आणतात. कच्चं सोयाबीन डुकराला पचत नाही. ते भाजून किंवा उकडून द्यावं लागतं, पेंड चालते. त्यापेक्षा भोपळे, रताळी, गव्हाचा कोंडा न्या. मोड आलेले, हिरवे पडलेले बटाटे नकोत. आणि ऊस तुटल्यावर पाचट पेटवून देण्याऐवजी एक ट्रॉली इकडं पाठवलीत तर अंथरायला आणि पत्र्यावर टाकायला, दोन्हीला होतं.

चपला बदलायची तयारी ठेवा. लाळ-खुरकूत गाईबैलांना होतो तसा डुकरांनाही होतो. हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार करून त्याच पायांनी इकडं येऊ नका, आणि घरी गोठा असेल तर इथून गेल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच गोठ्यात जा. खरजेच्या जनावरांना हात लावू नका. सकाळी ७ ते ९ ही वेळ उत्तम. नंतर सगळी चिखलात पडून असतात, त्यांना उठवून फोटो काढायचा हट्ट कृपा करून करू नका.

एक गोष्ट मला फार आवडली. आजूबाजूला डुकरं पाळून पोट भरणारी कुटुंबं आहेत. ताईंचं त्यांच्याशी भांडण नाही. डुक्कर न घाबरवता कसं वळवायचं, हे त्या त्यांच्याकडूनच शिकल्या, आणि त्यांचं जनावर जखमी झालं की ते लोक यांच्याकडं येतात.

देणगी देताना न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि पावती मागायला संकोच करू नका, कुठंही देताना मागावी. आयकरात सवलत हवी असेल तर २००० रुपयांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, आणि पोत्यांच्या रूपात दिलेल्या मदतीला ती सवलत मिळत नाही हेही माहीत असू द्या. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी पण न चुकता द्या, असं ताई सांगतात. औषधं, खुरं कापणं, मामांचा पगार हे खर्च दर महिन्याचे आहेत. टँकरचे पैसे मात्र फेब्रुवारीतच पोचवा. तेव्हा ठरवलेला टँकर आधीच्या भावात मिळतो, एप्रिलमध्ये भाव चढतो आणि नंबरही लागत नाही.