जर्मन जोडशब्द उजवीकडून तोडायचा

पुण्यात जर्मन शिकणाऱ्या नर्सेसच्या बी-१ (मधल्या पातळीच्या) बॅचला मी त्या दिवशी वॉर्डातल्या साहित्याची यादी वाचायला दिली होती. त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं : ‘ब्लूटड्रुकमेसगरेट’, सलग एक शब्द. ब्लूट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब, हे सगळ्यांना येत होतं. अडलं ते ‘मेस’वर. पुण्यात मेस म्हणजे खानावळ! ‘मेसन’ म्हणजे मोजणे हे क्रियापद पाठ असूनही तिथे ते कुणाला दिसेना. जोडशब्दात पुढे येताना क्रियापद बहुधा शेवटचं ‘एन’ टाकून देतं, हे आधी दाखवावं लागतं.

मग आर्टिकल, म्हणजे नामाआधी येऊन त्याचं लिंग दाखवणारा शब्द. बऱ्याच जणींनी पुल्लिंगी ‘डेर’ लावलं, कारण ‘डेर ब्लूटड्रुक’ तोंडात बसलेलं. शब्द फळ्यावर लिहून उजवीकडून तोडायला लावला. शेवटी ‘गरेट’ (यंत्र), त्याचं आर्टिकल नपुंसकलिंगी ‘दास’, म्हणून अख्ख्या शब्दाचं ‘दास’. आपल्याकडेही तो देव, पण ते देवघर. तत्पुरुषाची ही आठवण करून दिली की मराठी मुलींना लिंगाचा नियम पटकन पटतो.

खरा घोळ दोन शब्दांना जोडणाऱ्या अक्षराचा. ‘उंटरझूखुंग्सत्सिमर’, म्हणजे तपासणीची खोली, यातला ‘एस’ त्यांना षष्ठीचा वाटला. पण ‘उंटरझूखुंग’ स्त्रीलिंगी. तिच्या षष्ठीला ‘एस’ लागत नाही, अनेकवचनालाही नाही. तो नुसता सांधा आहे. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन यांनी संपणाऱ्या शब्दांनंतर तो येतोच, तिथे अंदाज नको. ‘ए’ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांना बहुधा ‘एन’ लागतो : झाल्बे (मलम), म्हणून झाल्बनटूबे (मलमाची ट्यूब). पण नर्सेसना रोज लागणारा ‘फ्लेगेहाइम’ (शुश्रूषागृह) नेमका अपवाद; तिथे काहीच नाही. असे शब्द अख्खेच पाठ करावेत.

तास संपता संपता एकीने स्वतः शब्द बनवला : ‘श्मेर्त्सनटाब्लेटे’, वेदनाशामक गोळी. बरोबर शब्द ‘श्मेर्त्सटाब्लेटे’. तिने श्मेर्त्सचं अनेकवचन घेतलं होतं. पुस्तकात नसलेला शब्द तिने रचला, याचं मला फार मोल वाटलं. सांधा चुकला तरी जर्मन सहकाऱ्याला कळतं. क्रम उलटला, तर गोळीमुळे होणारी वेदना असा अर्थ निघेल. म्हणून आधी क्रम तपासते, मग आर्टिकल, सांधा शेवटी. आणि जोर पहिल्या घटकावर, ‘श्मेर्त्स’वर. दोन्हींवर सारखा दिला, तर ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द ऐकू येतात.