हाफ मून स्ट्रीटवरचा मुलगा

ऑफिसातून घरी येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून हाफ मून स्ट्रीटवरून येते. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या ऑपेरा हाऊसला लागून असलेली ही एवढीशी गल्ली, चालायला लागलं की दोन मिनिटांत संपते. इथे वाढलेल्या आणि पुढे लेखक, संपादक झालेल्या एका मुलानं गेला महिनाभर मला झपाटलंय.

जॉन व्हेलन, जन्म १९००. वडील ब्रिटिशांच्या पोलिसात शिपाई. आई घरातल्या खोल्या भाड्यानं द्यायची आणि ऑपेरा हाऊसमध्ये प्रयोगासाठी आलेली नटमंडळी तिथे उतरायची. त्यामुळे मुलानं नाटकं पाहिली भरपूर, पण जवळजवळ सगळी इंग्लंडहून आलेली. मग १९१५ साली डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरनं आयरिश नाटककार लेनॉक्स रॉबिन्सन यांचं नाटक आणलं. पडदा वर गेला, तर समोर आयर्लंडमधल्या एका लहान गावातली बैठकीची खोली, अगदी आपल्या नातेवाइकांकडे असते तशी! आपलं घर, आपली माणसं रंगमंचावर येऊ शकतात, हे त्याला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. मला वाटतं, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका रात्रीतून निघालंय.

तो आयरिश भाषा शिकला आणि नावही आयरिश करून घेतलं : शॉन ओ'फेलॉन. ब्रिटनशी झालेला करार मानायचा की नाही, यावरून आयर्लंडमध्ये पेटलेल्या यादवी युद्धात तो करार न मानणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूनं उतरला, हरला. मग हार्वर्ड, लंडन. १९३१ साली कॉर्कच्या विद्यापीठातलं इंग्रजीचं प्राध्यापकपद त्याला हवं होतं. ते मिळालं डॅनियल कॉर्करी यांना, म्हणजे ज्यांनी त्याला लिहितं केलं त्यांनाच. पुढच्या वर्षी पहिला कथासंग्रह आला आणि १९२९च्या सेन्सॉरशिप कायद्याखाली त्यावर बंदी आली. ज्या देशासाठी लढला, त्याच देशानं.

दुसरा कुणी कायमचा निघून गेला असता. हा परत आला होता. ऑक्टोबर १९४० मध्ये, महायुद्ध सुरू असताना, आयर्लंड तटस्थ राहून एकटं पडलेलं असताना, त्यानं लेखक पेडर ओ'डॉनेल यांच्या साथीनं डब्लिनमधून 'द बेल' हे मासिक काढलं. नाव साधं ठेवलं, कारण आयर्लंडची जुनी काव्यमय प्रतीकं त्याला निर्जीव झालेली वाटत होती. पहिल्याच संपादकीयात वाचकांना सांगितलं, हे मासिक तुमचं आहे. तुम्ही स्वतः जगलात ते लिहून पाठवा.

आणि लोकांनी पाठवलं. इथल्या वाचनालयात बसून मी जुने अंक चाळतेय. एलिझाबेथ बोवेन, फ्रँक ओ'कॉनर, पॅट्रिक कॅव्हना ही मोठी नावं आहेतच, पण मी थांबते ती दुसऱ्याच पानांवर. गरीब वस्त्यांवर लिहिलेलं, तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसानं नावाऐवजी कैदी क्रमांक घालून लिहिलेलं. जून १९४२च्या अंकात ब्रेंडन बिहन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ब्रिटिश सुधारगृहातले आपले दिवस सांगितलेत. अंक निघाला तेव्हा तो पोरगा पुन्हा तुरुंगातच होता! सरकार आणि चर्च मिळून एका पवित्र, खेडवळ आयर्लंडचं चित्र रंगवत असताना हा संपादक खऱ्या आयर्लंडच्या खोल्यांची दारं उघडत होता. सेन्सॉरशिपवर तर तो अंकामागून अंक तुटून पडला.

आमच्या घरी आजोबांनी 'सत्यकथा'चे अंक दोरीनं बांधून माळ्यावर ठेवले होते. कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यामागची माया मला इथे येऊन, दुसऱ्याच देशाच्या मासिकामुळे कळली.

१९४६ साली त्यानं संपादकपद सोडलं. ओ'डॉनेल यांनी 'द बेल' १९५४पर्यंत चालवलं, मध्ये खंड पडला तरी. तो मात्र कथा लिहीत राहिला, आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलचा प्रमुखही झाला. १९८८ साली कॉर्क शहरानं त्याला मानद नागरिकत्व दिलं. तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. तीन वर्षांनी गेला.

माझे अजून १९४४पासूनचे अंक वाचायचे राहिलेत. शनिवारी जाणार आहे.