बारावी फ्रेम

काल रात्री मी आधी कुठं बघितलं, हेच दिवसभर डोक्यात घोळतंय.

आईचा पाय वायरीत अडकला, ट्रायपॉड हलला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, दुर्बीण!" आई भिंत धरून उभी. मी आधी नळीला हात घातला, क्लॅम्प चाचपला, कॅमेऱ्याचा स्क्रू बघितला. मग आईकडं. आणि ती विचारत होती, "काय झालं न्हाई न्हवं तुझ्या दुर्बिणीला?"

रात्री स्वतःचीच कीव करत पडलो. किती दिवसांनी अशी स्वच्छ अमावास्या मिळालेली! कोल्हापूरजवळच्या कळंब्यातून उत्तरेला सगळा शहराचा उजेड, त्यात आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर. नारळाच्या झावळ्यांतून तो हुडकून, दुर्बीण ताऱ्यांमागं फिरवणाऱ्या माउंटचा आस त्याच्याशी जुळवायला पाऊण तास गेलेला. एका धक्क्यात सगळं गेलं. उसाच्या पाचटाची काजळी नाही, दव नाही, अशी रात्र परत कधी, वगैरे वगैरे.

सकाळी आईच्या अंगठ्याचं नख काळंनिळं दिसलं. हळद लावून भाकरी थापत होती.

काळजी घेत नाही असं नाही. आधी नळीला तोलणारं काउंटरवेट दांडीवर चढवतो, मग नळी. उतरवताना आधी नळी. दांडीच्या टोकाचा स्क्रू कधी विसरत नाही, कारण तो नसला तर ५ किलोचं वजन घसरून थेट पायावर येतं. माझ्या पायावर. पण बॅटरीची वायर मागच्या दारापासून न्हाणीकडं जाणाऱ्या वाटेत आडवी टाकली. झोपायच्या आधी नळ बघायला आई रोज तिथनंच जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? परसातला दिवा लावू नको, हेही मीच बजावलेलं. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून. लाल टॉर्च एकच, तो माझ्या गळ्यात.

दादाचा फोन आलेला. त्याला सांगितलं नाही. असू दे.

दुपारी वायर भिंतीच्या कडेनं फिरवली. कॅमेऱ्याची केबल थोडी सैल ठेवून ट्रायपॉडच्या पायाला बांधली, म्हणजे ओढ बसली तरी त्या पायाला बसेल. तिन्ही पायांना पांढऱ्या चिंध्या गुंडाळल्या. दुसरा लाल टॉर्च आणून मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवला. आस काय, परत जुळवता येईल. पाऊण तासाचं तर काम.

"एवढं कशाला, मी जाईन की बघून," आई म्हणाली. अंधारात काय बघून जाणार होती?

संध्याकाळी फोटो उघडले. मृगातला एम ४२ तेजोमेघ, १३०० प्रकाशवर्षांवरचा. एकेक मिनिटाच्या ११ फ्रेम धड आल्यात. बाराव्या फ्रेममधला प्रत्येक तारा ठिपक्यातून निघून खाली वळलाय, सगळे एकाच दिशेला. तिथं आईचा पाय अडकला. सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करायचा असतो, त्या जोडणीतून ती फ्रेम बाजूला काढली, डिलीट मात्र करवेना.

आईला दाखवली. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, ती लहानपणापासून ओळखते, त्याच्याच खालचं हे, म्हटलं. चष्मा पदराला पुसून बराच वेळ बघत राहिली.

"चांदण्यांना शेपट्या फुटल्यात की रं."