डावा हात, असं लिहून द्या

मी मेडिकल कोडर आहे. केजला घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचते आणि आजारांना आयसीडी-10 या आजारांच्या जागतिक यादीतले कोड लावते. अण्णांच्या हाताचा कागद पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला. 'हाताला जखम, टाके घातले.' एवढंच.

अण्णा ऊसतोडीला गेले होते तेव्हा कोयता निसटून डाव्या मनगटावर बसला. जखम भरली, पण करंगळीकडं जाणारी अलनर नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, तुटलेली कुणाच्या लक्षात आली नाही. चार-पाच महिन्यांत करंगळी आणि अनामिका हुकासारख्या आत वळल्या. भाकरी मोडताना ती दोन बोटं ताटाच्या काठाला अडायची. अण्णा विचारणाऱ्याला 'शीर तुटली' म्हणायचे, आणि शीर म्हटलं की ऐकणारा रक्ताचीच समजायचा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, तारखेला तपासणीला गेलो. परत पाठवलं. हात जन्मापासून असा आहे की नंतर झाला, हे कागदावरून कळत नाही म्हणे. अण्णांना घेऊन एसटीनं हेलपाटा झाला याचं फार वाईट वाटलं. पण तोच कागद माझ्याकडं आला असता तर मीही अडले असते. जन्मजात दोष 'क्यू'च्या प्रकरणात जातात, नंतर आलेला क्लॉ हँड, म्हणजे बोटं अशी आत वळलेला हात, एम21.5 मध्ये. अमेरिकेच्या यादीत पुढं बाजूही येते: उजवा एम21.511, डावा एम21.512, बाजू लिहिलेलीच नसेल तर एम21.519. त्याच्या मागं नर्व्हच्या इजेचा कोड, शेवटी 'एस' लावून, म्हणजे हा जुन्या जखमेचा परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ यादीत या कोडला बाजूचा आकडाच नाही. म्हणून डॉक्टरांनी बाजू शब्दांत लिहायलाच हवी.

मग अंबाजोगाईला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नर्व्हची तपासणी करून घेतली. अंगठा आणि तर्जनीत एक कागद धरायला दिला आणि ओढला. उजव्या हातातून सुटेना. डाव्या हाताला अंगठ्याचं पेर वाकलं, तरी कागद निसटला. अण्णा म्हणाले, "पुन्हा ओढा, डॉक्टरसाहेब." पुन्हा निसटला.

मी म्हणाले, "सर, डावा हात, नंतर आलेली विकृती, अलनर नर्व्ह, कोयत्याची जखम आणि तिची तारीख, एवढं लिहून द्या." त्यांनी माझ्यासमोर सहा ओळी लिहिल्या, खाली सही-शिक्का.

दुसऱ्या वेळी कागदावरून कुणी काही विचारलं नाही. पकड, ताकद, सांध्यांची हालचाल तपासली. दिव्यांगत्वाचे टक्के 40 च्या खाली आले. बहुतेक सवलतींना 40 लागतात, त्यामुळं पुढं फार काही मिळणार नाही, हे मी अण्णांना घरी येतानाच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

प्रमाणपत्र आलं तेव्हा ते मांडीवर पसरून म्हणाले, "डावा कुठं लिहिलंय, दाखव बरं." मी दाखवलं. त्यांनी त्या शब्दावर वाकडी करंगळी ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.