नगर ते हरेगाव, पायी पायी

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) सप्टेंबर लागला की ख्रिस्ती घरांत एकच चर्चा, मतमाउलीला (म्हणजे मरियामातेच्या यात्रेला) कधी निघायचं. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव, तिथलं संत तेरेजा चर्च, आणि ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी ही यात्रा भरते. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात सुरू झालेली यात्रा, आता लाखांनी माणसं येतात आणि त्यात फक्त ख्रिस्तीच असतात असंही नाही, नवस फेडायला कोण कोण येतं. लहानपणी आम्ही एसटीनं जायचो, आई डब्यात धपाटे बांधून घ्यायची. पायी कधी गेले नव्हते, ते आई गेल्यावर गेले.

खरं सांगायचं तर भक्तीबिक्ती काही उफाळून आली नव्हती. आई आयसीयूत होती तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून इतकी प्रार्थना केली की ती गेल्यावर तोंडातून शब्दच निघेना. चर्चला जायचे, मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बसायचे, सगळ्यांबरोबर उठायचे बसायचे, पण आतून पूर्ण कोरडी. देवाशी भांडण पण नाही हो, भांडायला तरी काहीतरी नातं लागतं. मग चुलतभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर पायी दिंडीचा मेसेज फॉरवर्ड केला आणि मी पुण्याचं ऑफिस, ट्रॅफिक, रिकामं घर या सगळ्यातून चार दिवस सुटका म्हणून नाव देऊन टाकलं.

पहाटे अंधारात निघालो. पुढे टेम्पो, त्यावर फुलांनी सजवलेली माउलीची छोटी मूर्ती, निळ्या-पांढऱ्या पताका, एक स्पीकर जो मधेच खरखरायचा, आणि मागे आम्ही, त्यात म्हाताऱ्या बायका माझ्यापेक्षा फास्ट. टाळ होते, ढोलकी होती. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं पण आमच्याकडे हे जुनंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नगरला राहिलेले, त्यांनी येशूवर अभंग आणि भजनं लिहिली. ते प्रोटेस्टंट आणि आम्ही कॅथलिक, पण भजनाला बसल्यावर कोण विचारतंय. त्याच्याही आधी फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण, १६१६ ला छापलेलं, तेही ओव्यांमध्ये. त्यामुळे टाळ वाजवत देवाकडे चालत जाणं आम्हाला कुणी नव्यानं शिकवायला नको.

विळद घाट उतरेपर्यंत मजा वाटत होती. नंतर नगर-मनमाड रस्ता सुरू झाला म्हणजे खऱ्या अर्थानं सुरू झाला, ट्रक, धूळ, खड्डे, खड्ड्यात पाणी. कृषी विद्यापीठाच्या बाजूनं जाताना माझ्या डाव्या पायाच्या टाचेला फोड आला होता आणि मी मनातल्या मनात राहुरीहून परत जाणारी एसटी शोधत होते.

तेव्हा शेजारी एक मावशी येऊन चालायला लागल्या. साठीच्या पुढच्या असतील, पायात साधी स्लीपर, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. आणि त्या चालता चालता मोठ्यानं उपकार मानत होत्या. कशाचे? तर कशाचेही. "प्रभू, ढग आलं, तुझे उपकार. हा ट्रकवाला हळू गेला, तुझे उपकार. इथं डांबर हाय, उपकार." मग खड्डा आला तेव्हा मी जरा खवचटपणेच विचारलं, मावशी, याचे पण उपकार का? त्या म्हणाल्या, "व्हय गं पोरी, खड्डा हाय म्हणून तर गाड्या हळू चालत्यात, न्हायतर तू आन मी कवाच सरळ वर पोचलो आस्तो." मी इतकी हसले की मागचे लोक बघायला लागले. कितीतरी महिन्यांनी असं हसू आलं होतं.

मग त्यांनी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, सुरू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रोझरीत पाच दशकं असतात, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना, आणि सगळे मिळून म्हणतात तेव्हा ती अर्धी अर्धी वाटलेली असते. पुढे सांगणारा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि बाकीच्यांनी फक्त उरलेला अर्धा पुरा करायचा, म्हणजे सुरुवात करायची जबाबदारी तुमच्यावर नसतेच. मला प्रार्थना सुरूच करता येत नव्हती ना, सगळं अडलं होतं ते तिथंच. मावशी अर्धी म्हणून थांबल्या आणि माझ्या तोंडातून उरलेली आपोआप बाहेर पडली, लहानपणापासून पाठ असलेली. शुक्रवार होता म्हणून दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखाचे प्रसंग) चालू होती, गेथशेमानीची बाग, फटके, काट्यांचा मुकुट. आणि प्रत्येक वेळी माझ्या वाट्याला येणारे शब्द तेच, आमच्यासाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. मरणाची वेळ म्हटलं की मला आयसीयूचं दार दिसायचं. त्या वेळी मला आत सोडलं नव्हतं, आई एकटी होती, हाच माझा सल होता. आणि तिनं स्वतः आयुष्यभर रोज संध्याकाळी हेच मागितलेलं, पन्नासपन्नास वेळा, की त्या वेळी तू माझ्याजवळ रहा. मी नव्हते तिथं, पण तिनं बोलावून ठेवलेलं कुणीतरी होतं. हे चौथ्या दशकाला कधीतरी डोक्यात आलं आणि मी ओढणीत तोंड घालून रडत चालत राहिले, मावशींनी काही विचारलं नाही, फक्त जरा हळू चालायला लागल्या.

राहुरीला मुक्काम. पायाला खोबरेल तेल, पिठलं-भाकरी, आणि शंभर माणसांच्या घोरण्यात मेल्यासारखी झोप.

पुढचा रस्ता सोपा नव्हता पण माझं लक्ष पायावरून उडालं होतं. गणपती तोंडावर आले होते, गावोगावी मांडव पडलेले, एका मंडळाच्या पोरांनी आम्हाला बघून डीजेचं टेस्टिंग बंद केलं आणि पाण्याचे जार काढून दिले. देवळाली प्रवराच्या पुढे एका शेतकऱ्यानं उसाच्या कडेला चूल मांडून सगळ्यांना चहा पाजला, त्याचं म्हणणं दरवर्षी तुम्ही गेल्यावर पाऊस येतो. (आला पण, आम्ही भिजलो.) श्रीरामपुरात स्टेशनवर बोर्ड आहे बेलापूर, आमच्यातला मुंबईचा एक मुलगा गोंधळून गेला की आपण नवी मुंबईला कसे पोचलो.

हरेगाव जवळ आलं की आधी बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याच्या खुणा लागतात, ब्रिटिश काळातला कारखाना, आता बंद. याच गावात १९३९ साली डॉ. आंबेडकरांनी महार वतनदारांची परिषद घेतली होती, हे आमच्यातल्या एका काकांनी आवर्जून थांबवून सांगितलं आणि ते सांगणं बरोबरच होतं, कारण आमच्या कितीतरी घरांचे आजे-पणजे त्याच महारकी-वतनाच्या ओझ्याखाली वाकलेले होते, मान वर करून चालायला ते बाबासाहेबांकडून आणि चर्चकडून, दोन्हीकडून शिकले.

चर्चजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या, नारळ, पाळणे, खेळण्यांची दुकानं, भेळ, हरवलेल्या मुलांच्या अनाउन्समेंट, मधेच फादरकडे पापांची कबुली द्यायच्या रांगा. मला आजवर वाटायचं मन शांत व्हायला शांत जागा लागते, पण तिथं एवढ्या कलकलाटात मला आतून एकदम निवांत वाटलं, कारण मला सांगता येणार नाही. मूर्तीसमोर आले तेव्हा मागायचं काही ठरवलेलं आठवेना. शेवटी मावशींसारखंच सुरू केलं, आईनं पाठ करून घेतलं, उपकार. धपाटे, उपकार. पाय इथवर आले, उपकार. मागची बाई म्हणाली अहो ताई सरका पुढं, लाइन अडलीय. तर सरकले.

कुणाला पायी जायचं असेल तर नवीन शूज घालून जाऊ नका, सुती मोजे घ्या, रेनकोट घ्या छत्री नको, ट्रकच्या वाऱ्यानं ती उलटते. बॅग टेम्पोत टाकता येते, संकोच करू नका. गर्दी झेपत नसेल तर आधीच्या नऊ दिवसांत नोव्हेना (रोजची खास प्रार्थना) असते तेव्हा जा, माउली तीच असते आणि परतीच्या एसटीत बसायला जागा पण मिळते.