मोजून दिलेलं पाणी

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. फोंड्याला जाणं-येणं धरलं की दिवस संपलाच. घरी आले की सोप्यावर आडवे व्हायचे. दिवसभराचं पाणी मी फुलपात्राने मोजून देत असे. शेवटचा घोट ते किती तरी वेळ तोंडात धरून ठेवायचे. पोटॅशियममुळे शहाळं बंद. दारातल्याच माडाचं शहाळं!

डॉक्टर रिपोर्ट बघून "छान चाललंय" म्हणायचे. तुम्हाला काय हवंय, हे बाबांना दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून सलतं. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाले, "सोमवारी देवळात भजनाला बसायचंय." तेवढंच. आम्ही वार बदलून घेतले.

आरोग्याच्या अर्थशास्त्रात 'क्वाली' नावाचं माप आहे. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे 1, निम्म्या दर्जाची दोन वर्षं म्हणजेही 1. नुसती वर्षं मोजण्यापेक्षा हे बरं. पण निम्मं की पाऊण, हे दुसऱ्याने कसं ठरवायचं? बाबांचा सोमवार त्यात कुठे बसतो?

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गेल्या महिन्यात मी माझं करून घेतलं. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "माझंही लिही रे. पण आधी मला विचार."