थंडीतला वणवा आणि वारा फिरण्याची वेळ

वणवा म्हटले की लोकांना एप्रिल-मे आठवतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरांत मात्र गवत त्याच्या कितीतरी आधी पेटण्याजोगे होते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तरीही जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील उघड्या कातळपठारांवर, मातीचा थर इतका पातळ असतो की मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्ये माघारी फिरल्यावर तिथे ओल टिकत नाही आणि जानेवारी उजाडेपर्यंत गुडघाभर गवत पिवळे पडून खडखडीत वाळते. या दिवसांतील वणव्यांचा आणि हवामानाचा अंदाज तयार करणे हे माझे काम आहे.

त्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. आकाश निरभ्र होते, ईशान्येकडून कोरडी हवा येत होती आणि दुपारी सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली उतरेल असे दिसत होते. सकाळी दहिवराने गवत भिजलेले असते, त्यामुळे धोका नाही असे वाटते. पण उन्हे वर आली की ते तास-दोन तासांत सुकते. म्हणूनच हिवाळ्यात मी किमान तापमानापेक्षा दुपारच्या आर्द्रतेकडे अधिक लक्ष देते.

सुओमी एनपीपी हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो आणि त्यावरील उपकरण सुमारे 375 मीटरच्या चौकोनातील उष्णता टिपते. ऊस गळीत हंगाम भरात असला की पंचगंगा आणि भोगावतीच्या काठाने नकाशावर लाल ठिपके उमटतात. त्यांतील बहुतेक पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवल्याचे असतात. उपग्रहाला उसाचा फड आणि रान यांतला फरक कळत नाही. तो जमिनीची माहिती असलेल्या माणसालाच करावा लागतो. त्या दुपारी एक ठिपका उसापासून दूर, पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठाराच्या उतारावर होता. मी तिथल्या वनरक्षकांना फोन केला.

“मॅडम, त्यो पाचटाचा धूर न्हवं. पाचट भडकतंय आन् घटकाभरात इझतंय. ह्यो धूर सरकायलाय,” ते म्हणाले आणि लगेच त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “वारा कवा फिरंल?”

चढावर ज्वाला पुढच्या गवताला आधीच तापवतात, त्यामुळे आग वर झपाट्याने धावते. शिवाय दुपारी तापलेल्या उतारावरची हवाही वरच चढत असते. सूर्य मावळला की उतार निवतो, त्यावरची हवा जड होऊन खाली वाहू लागते आणि आगीची एक कड दरीकडे वळते. खाली एक वाडी होती आणि तिच्या कडेला वर्षभराच्या वैरणीच्या गंजी रचलेल्या होत्या. मी त्यांना सांगितले की चढत्या आगीच्या तोंडावर कोणालाही उभे करू नका, पठाराच्या माथ्यावर ती कातळाला जाऊन थांबेल. माणसे आणि फायर ब्लोअर (हवेच्या झोताने आग विझवण्याची यंत्रे) दिवस मावळण्याआधी वाडीच्या वरच्या अंगाला न्या आणि तिथे गवत कापून पट्टा मोकळा करा.

संध्याकाळी वारा फिरला तेव्हा वाडीतील बायाबापड्याही हिरव्या डहाळ्या घेऊन त्या पट्ट्यावर आल्या होत्या. उताराने येणारी आग मंदावली होती, हवेतील ओलावा वाढू लागला होता, आणि रात्र फार होण्याआधी त्यांनी ती झोडपून विझवली. गंजी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. करवंदीच्या जाळ्या जळून गेल्या होत्या आणि जांभळाची कोवळी रोपे करपली होती. जनावरे घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, “जाळल्याबिगार नवं गवात फुटत न्हाई, बाई.” त्यांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही, कारण जळालेल्या जागी मुळांतील साठ्यावर हिरवे कोंब खरोखरच लवकर दिसतात. पण वरचे आच्छादन गेल्यावर पहिल्या वळवात ती पातळ माती वाहून जाते आणि सड्यावर माती पुन्हा साचायला पिढ्या लागतात, हे मी त्यांना जळालेल्या जागेवरच, ती मोकळी माती हातात घेऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांना ते पटले असे मी म्हणणार नाही.

वनखात्याच्या कागदावर वणव्यांचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि जाळरेषांची, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यांची, कामे त्याच सुमारास उरकली जातात. घाटातील जंगलासाठी ते ठीक असेल. उघड्या सड्यांसाठी ही तारीख फार उशिराची आहे. तिथल्या जाळरेषा डिसेंबरातच काढाव्यात असे मी प्रत्येक अंदाजात लिहिते, आणि त्याखाली दुपारची आर्द्रता व संध्याकाळी वारा फिरण्याची वेळ देते. वनरक्षक आता आधी ती शेवटची ओळ वाचतात.